न वाचता केलेली सही

१९६५ साल. मी एकतीस वर्षांचा होतो. जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात, लोहारखान्यात घण मारायचो. शाळा तिसरीपर्यंत, पण सही अशी झोकदार करायचो की बाबू लोक बघत राहायचे.

त्या साली वर्क्स कमिटीची निवडणूक झाली. निवडलेले कामगार साहेबांसमोर बसून पंखे, पाणी, सुट्टी असल्या गोष्टी बोलतात, ती कमिटी. मी उभा राहिलो. मला बालदीची खूण मिळाली. समोर शेजारच्या खात्यातला, लेथ चालवणारा टर्नर होता, नेपियर टाउनात राहणारा, मॅट्रिक झालेला, आपला मराठीच. मी सगळीकडे सांगत फिरलो, "मॅट्रिकवाल्याला भट्टीची आच काय ठाऊक?" निवडून आलो. तो हात मिळवायला आला, तर मी नुसती मान हलवली. एवढा माज होता.

लोहारखान्याची मागणी एकच. भट्टीवरच्या माणसाला दर दोन तासांनी दहा मिनिटं बाहेर हवेत बसू द्यायची जुनी रीत होती. पाकिस्तानशी लढाई सुरू झाली, पाळी बारा तासांची झाली, आणि ती दहा मिनिटं कधी मिळायची, कधी नाही. माझ्या उस्तादाला रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं, धाप लागायची. घण धरायला मला त्यानेच शिकवलं. तो म्हणाला होता, "बेटा, दस मिनट कागज पे लिखवा ले, बस."

बैठकीत चहा आला. साहेब अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत बोलले. मग इंग्रजीत टाइप केलेला कागद फिरला. बाबूने विचारलं, "पढ़ लिया?" सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. सही ठोकली.

चार दिवसांनी नोटीस लागली. लढाई चालू असेपर्यंत दहा मिनिटं बंद, कामगार प्रतिनिधींच्या संमतीने. कमिटीतल्या बाकीच्यांच्या खात्यात भट्टीच नव्हती, त्यांचं काय जात होतं? दुपारी उस्ताद चक्कर येऊन खाली बसला. मी तोंडावर पाणी मारलं. त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "तूने ही लिख दिया?" चिडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सायकल काढली नि टर्नरच्या घरी गेलो.

"या, या, बालदीवाले! आज इकडे काहून?"

"तो कागद मी वाचला नव्हता," मी म्हटलं. "मला इंग्रजी येत नाही."

त्याचं हसणं थांबलं. खुर्ची पुढे सरकवली, घरात चहाचं सांगितलं. म्हणाला, "घाबरू नका. पुढच्या बैठकीत तो कागद पक्का होतो. त्याच्या आधी लेखी हरकत देता येते. मी लिहितो, 'वाचून दाखवलं नाही.' तुमची लाज राहील."

"बाबूने विचारलं होतं. मीच मान हलवली."

"अहो, हे कोण सांगून राहिलं तिथं?"

"मी सांगून राहिलो. लिहा, ह्याला वाचता आलं नाही, आणि ते ह्याने लपवलं."

"सगळ्या कारखान्यात बोभाटा होईल. पुढच्या वेळी मत कोण देईल तुम्हाला?"

"तुम्ही उभे राहा मग."

त्याने कागद पुढ्यात ओढला. मग लिहिलं, आणि मी म्हटलं तितक्या वेळा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भोंगा व्हायच्या आधी, लोहारखान्याच्या दारात उभा राहून मी सगळ्यांना सांगितलं की सही न वाचता केली. कुणी हसलं, एकाने शिवी दिली. ऐकून घेतलं. कागद ऑफिसात देऊन पोच घेतली. मग उस्तादाला म्हटलं, "दो घंटे हुए कि आप बाहर बैठना," आणि दिवसभर त्याच्या वाट्याचाही घण मारला.