दोघांच्या वाटची ओळ

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की आमच्या वृद्धाश्रमात नवी पोरं येतात. चर्चच्या मागच्या घरात राहणारी, मिशनच्या शाळांमधून शिक्षक व्हायला निघालेली. त्यांच्याकडची पद्धत अशी की पहिलं वर्षभर सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं, आपापली भांडी घासायची, सकाळी शाळेत जुन्या मास्तरांच्या हाताखाली उभं राहायचं आणि दुपारी आमच्याकडे येऊन म्हाताऱ्यांची सेवा करायची. सेवा म्हणजे गोड बोलणं नव्हे. नखं कापायची, दाढी करायची, ओल्या चादरी बदलायच्या, घास भरवायचा, लघवीचं भांडं द्यायचं आणि तेच धुऊन जागेवर ठेवायचं. प्रत्येकाला वर्षभरासाठी एकच म्हातारा नेमून दिलेला असतो. या पोरांना घडवणारे ब्रदर पहिल्या दिवशी त्यांना आमच्या दारात उभं करतात आणि एवढंच बजावतात, "या दाराच्या आत कुणी कुणाला शिकवायचं नाही."

मी इथली मुख्य नर्स. मला या पोरांचं फारसं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. सुरुवातीला त्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी असतात. मग एखादा गिटार घेऊन येतो आणि वॉर्डात गाणी म्हणतो, आणि तिकडे त्याचाच म्हातारा ओल्यात पडलेला असतो. गाण्यानं चादर कोरडी होत नाही हे त्यांना कळेपर्यंत माझा घसा बसतो.

त्या वर्षीच्या पोरांमध्ये एक उंच, काटकुळा पोरगा होता. शर्ट नीट खोचलेला, खिशाला पेन. आल्या आल्या त्यानं भिंतीवरचं घड्याळ पुढे जातंय म्हणून स्टुलावर चढून ते मागे केलं. चहा देणाऱ्या बाईला कप कसे रचावेत ते सांगितलं. मी इंजेक्शनचा ट्रे भरत होते, तर मलाही म्हणाला, "ताई, कापूस डावीकडे ठेवलात तर हात कमी फिरेल." कापूस डावीकडे ठेवला तर खरंच हात कमी फिरला असता, म्हणून तर मला जास्त राग आला. चहावाल्या बाईनं त्याच दिवशी त्याचं नाव 'दुरुस्ते' ठेवलं. आडनाव असावं तसं ते त्याला चिकटलं.

पुढे कळलं की बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा लहानाचा मोठा त्या काउंटरच्या मागे झाला. घड्याळ एक तर बरोबर चालतं, नाहीतर उघडावं लागतं, असा सगळा हिशोब. दुकान चालवायचं सोडून मास्तरकी कसली करतोस, म्हणून बापानं बोलणं टाकलं होतं. पोरगा हट्टानं आला होता. वर्ष पार पडलं आणि ब्रदरनी होकार दिला, तर त्याला वर्ग मिळणार होता. नाही दिला, तर मान खाली घालून पुन्हा त्याच काउंटरच्या मागे.

त्याच्या वाट्याला आले गुरुजी. खिडकीजवळच्या खाटेवरचे. त्याच मिशनच्या शाळेत त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं होतं. अर्धांगवायूच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाणी हवं, दुखतंय, नको, यातलं काहीही त्यांना म्हणता येत नसे. राहिली होती फक्त लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना. ती मात्र जेवायच्या आधी आपोआप ओठांवर यायची. तीही धड नाही. शेवटचं आधी, मधलं शेवटी, आणि 'आमच्या अपराधांची क्षमा कर' ही ओळ तर साफ गळालेली.

त्यांची लेक दर रविवारी यायची. सहा दिवस दुकानात उभं राहून सुजलेले पाय घेऊन स्टुलावर बसायची आणि जेवण आलं की बापाच्या तोंडाजवळ कान न्यायची. एकदा मला म्हणाली, "ताई, बाबांचा आवाज आता एवढाच उरलाय. मी तोच ऐकायला येते."

दुरुस्ते काम चांगलं करायचा, नाही म्हणणार नाही. त्याच्या हातानं केलेल्या दाढीत गुरुजींना कधी ओरखडा उठला नाही. चादरीला सुरकुती नसे. मी मनात म्हटलं, चला, एक तरी कामाचा निघाला. आणि माझीच दृष्ट लागली.

एका दुपारी मी शेजारच्या खाटेवर सलाइन लावत होते. दुरुस्ते सूप घेऊन आला, गुरुजींच्या गळ्याशी टॉवेल बांधला. गुरुजींनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. गळलेल्या ओळीशी आले आणि नेहमीप्रमाणे पुढे सरकले. दुरुस्तेनं चमचा खाली ठेवला.

"नाही गुरुजी, इथे एक ओळ राहिली. माझ्यामागून म्हणा."

गुरुजींनी डोळे उघडले. पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच चुकले.

"असं नाही. परत एकदा," दुरुस्ते म्हणाला. आवाज चढा नव्हता, उलट अगदी मऊ होता. वर्गात मंद पोराशी बोलतात ना, तसा.

गुरुजींनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. ओठ हलले, शब्द सापडेना. त्यांनी त्या पोराकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. सगळी हयात ज्यांनी मुलांना 'परत एकदा' म्हटलं, त्या माणसाला त्या शब्दांचा अर्थ मी काय सांगणार? कानांच्या पाळ्यांपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता. ती लाज होती. मला ती बघवली नाही.

सूप तसंच परत गेलं. रात्रीचं जेवण गेलं. दुसऱ्या दिवशीही ओठ घट्ट. प्रार्थना नाही, घास नाही. मी भरवून पाहिलं, लाडीगोडी लावली, रागावले. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आमच्याकडे एकदा नळी गेली की ती सहसा निघत नाही.

रविवारी लेक आली, कान नेला, वाट पाहिली. मग माझ्याकडे वळली. "काय झालं, ताई?"

मी तोंड उघडायच्या आत दुरुस्ते पुढे आला. हात मागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखा. काय झालं ते सगळं त्यानं सांगितलं, काही न लपवता. लेकीनं बापाचं तोंड पुसलं, टॉवेलची घडी केली. "माझ्याशी ते एवढंच बोलायचे," ती म्हणाली. आरडाओरडा केला असता तर पोराला बरं वाटलं असतं.

मी तशीच चर्चच्या मागच्या घरात गेले. ब्रदर स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. "तुमचा हा पोरगा उद्यापासून माझ्या वॉर्डात नको," मी म्हटलं. "दुसरं कुणीही द्या. गिटारवालासुद्धा चालेल."

ब्रदरनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "ताई, त्याला तिथून काढला तर तो उद्या वर्गात हेच करेल. तिथे एखादं पोर असंच तोंड मिटून घेईल, आणि आपल्याला कळणारही नाही. तो येईल. बोलायचं नाही, काम करायचं आणि बसायचं. वर्ग द्यायचा की घरी पाठवायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही."

मी पाय आपटत परत आले. यांचं पोर शिकावं म्हणून माझ्या म्हाताऱ्यानं उपाशी राहायचं, हा कुठला न्याय?

दुरुस्ते येत राहिला. अंग पुसायचा, कूस बदलायचा, आणि काम संपलं की स्टुलावर मुका बसायचा. गुरुजी भिंतीकडे तोंड करून. सलाइनवर दिवस ढकलणं चाललं होतं, आणि मी जीभ ओली राहील एवढं पाणी कापसाच्या बोळ्यानं तोंडात सोडायचे. नळी आणून कपाटात ठेवलेली होती.

शाळेत त्याचा परीक्षेचा पाठ जवळ आला होता. ब्रदर आणि हेडमास्तर मागच्या बाकावर बसून ऐकणार होते. त्याला तयारीला वेळ मिळेना, म्हणून एका दुपारी तो मोठा कागद आणि रंगीत पेनं घेऊन आला आणि खाटेच्या पायाशी जमिनीवर पसरून तक्ता करू लागला. हातच्याची बेरीज. अक्षर मोत्यासारखं, चारी बाजूंनी पट्टी लावून निळी किनार. झाल्यावर शाई वाळावी म्हणून त्यानं तो खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी गजाला अडकवला आणि भांडं धुवायला गेला.

मी ट्रे घेऊन येत होते. टक, टक, टक असा आवाज आला. गुरुजींची मान भिंतीकडून वळली होती. डावा हात खाटेच्या कठड्यावर आपटत होता. मला वाटलं झालं, दुसरा झटका. मी धावले. दुरुस्तेही हातातलं भांडं तसंच घेऊन धावला.

गुरुजींनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट तक्त्याकडे होतं. ओठ सुटले, मिटले, पुन्हा सुटले.

"हातचा," ते म्हणाले.

दुरुस्तेनं तक्त्याकडे पाहिलं. आखण्या-रंगवण्याच्या नादात हातचा एक तो मिळवायलाच विसरला होता. उत्तर चुकलेलं, आणि चुकलेल्या उत्तराला दोन रंगांची चौकट. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. अगदी त्या दिवशी गुरुजींचा झाला होता तसा.

"चुकलं, गुरुजी," तो म्हणाला. ब्रदरनी घातलेली बंदी तो विसरला आणि मीही आठवण करून दिली नाही. "परत करतो."

तो जमिनीवर बसला आणि नव्या कागदावर, या वेळी किनार न आखता, बेरीज मांडली. गुरुजी कठड्यावरून वाकून पाहत होते. हातच्याशी आला तसं बोट पुन्हा कठड्यावर वाजलं. त्यानं हातचा लिहिला आणि कागद वर धरला. गुरुजींच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवीला ते जमत नव्हतं, पण जेवढी हसली तेवढी पुरली. मी सूप पुढे केलं तर त्यांनी तोंड उघडलं. पण आधी डोळे मिटले, आणि त्यांची ती मोडकीतोडकी प्रार्थना बाहेर आली. चमच्यातलं सूप माझ्या हातून सांडलं, कारण मला रडू आलं होतं.

नंतर मी त्या पोराला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग, मुद्दाम चुकवलंस ना?"

"नाही हो, ताई. मुद्दाम केलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं. चाळीस-चाळीस पोरांची सोंगं पाहिलेला माणूस."

नळी कपाटातच राहिली. रविवारी लेकीनं कान नेला आणि बराच वेळ वर काढला नाही. पाठ पार पडला आणि वर्षअखेरीस ब्रदरनी त्याला तिसरीचा वर्ग दिला.

वर्ग मिळाल्यावर तो आमच्याकडे यायला बांधलेला नव्हता. तरी शाळा सुटली की यायचा, मुलांच्या वह्या घेऊन. गुरुजी तपासायचे, म्हणजे चूक दिसली की कठडा वाजवायचे. जेवणाआधी दोघं मिळून प्रार्थना म्हणायचे, गुरुजींच्याच उलट्यापालट्या क्रमानं. एकदा मी त्याला चिडवलं, "काय रे दुरुस्ते, आता ती ओळ राहते ती चालते वाटतं तुला?"

तो वह्या गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "ती मी घरी गेल्यावर म्हणतो, ताई. दोघांच्या वाटची."

मी माझा ट्रे ओढला आणि कापूस डावीकडे ठेवला.

गुरुजी पुढच्या थंडीत गेले, झोपेतच. चर्चमध्ये लेकीच्या मागच्या बाकांवर तिसरीचा सगळा वर्ग बसला होता, आणि त्यांच्या टोकाला दुरुस्ते, शर्ट नीट खोचलेला. फादरनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुरुस्ते मुलांबरोबर खणखणीत म्हणत होता. क्षमेच्या ओळीशी आला आणि थांबला. ओठ हलले, शब्द निघेना. शेजारच्या पोरीनं मान वर करून आपल्या सरांकडे पाहिलं. ती हसली नाही. तिनं त्यांचं बोट धरलं आणि ती ओळ जरा मोठ्यानं म्हटली, आणि तिच्या मागून सगळ्या वर्गानं.