दोनच आचारी

मुलांनो, तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. आमच्या पार्ल्याच्या घरावरून विमान उतरायला लागलं की हातातला चहा तसाच ठेवून ते गॅलरीत धावायचे. "वहिनी, हे अमेरिकन," नाहीतर "हे युरोपातलं," असं नुसत्या आवाजावरून सांगायचे. अंधेरीतल्या एका विमान कंपनीच्या खरेदी खात्यात त्यांची नोकरी झाली, आणि राहायचे ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. मी त्यांना भावजी म्हणायचे, म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना विमानभावजी म्हणू लागली. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

मोठी प्रवासी विमानं बनवणाऱ्या कंपन्यांचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "पंगत साऱ्या जगाची, आणि आचारी दोनच. तिसरा चीनमध्ये शिकतोय, पण त्याचं अजून घरच्या घरीच चाललंय."

तुमचे आजोबा त्यांना मुद्दाम डिवचत. "अरे, एवढं गिऱ्हाईक दारात उभं आहे, तर कारखाने का वाढवत नाहीत?"

"दादा, विमान म्हणजे वडापाव आहे का? पंख एका देशातून, इंजिन दुसऱ्या, खुर्च्या तिसऱ्या. खुर्च्या आल्या नाहीत म्हणूनही विमान अडकून पडतं. त्यात एकाला तर तिथल्या सरकारनेच बजावलंय, आधी काम नीट करा, महिन्याला अमुक एवढीच बनवा."

"मग दुसऱ्याचं फावलं की!"

"कसलं फावतंय? त्याची कित्येक वर्षांची बनवायची विमानं आधीच विकली गेलीत."

हे सगळं ते येरझारा घालत सांगायचे. आम्हाला गंमत वाटायची. मग ती गोष्ट आमच्याच घरात शिरली.

त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा वैमानिक झाली. तिची आई लवकर गेली, तिला भावजींनीच वाढवलं. एका नव्या कंपनीने तिला निवडलं, पण विमानं आल्यावर रुजू व्हायचं होतं. आणि विमानं येईनात. वैमानिकाचा सराव तुटला की पुन्हा परीक्षा, पुन्हा प्रशिक्षण, आणि तोवर दुसरं कोणी पुढे गेलेलं. मुग्धा रोज फोन बघायची, भावजी मुग्धाकडे बघायचे.

एकदा कळलं, पहिलं विमान रंगवून तयार आहे. भावजींनी त्याच संध्याकाळी बिल्डिंगभर पेढे वाटले. दोन दिवसांनी कळलं, विमान कारखान्याबाहेर उभं आहे खरं, पण त्याला इंजिनंच नाहीत. तोल राहावा म्हणून इंजिनांच्या जागी पंखांखाली वजनं टांगून ठेवलीत म्हणे.

तळमजल्यावरच्या सबनिसांनी चार जणांदेखत जिन्यातच गाठलं. "काय भावजी, पेढे पोचले, विमान कुठे राहिलं?"

"इंजिनासाठी थांबलंय."

"मग ढकलत आणा की!"

भावजी सगळ्यांबरोबर हसले. पण त्या आठवड्यात ते खाली उतरले नाहीत.

त्याच सुमारास मुग्धाला आखातातल्या एका कंपनीचं बोलावणं आलं. तिकडे विमानं होती, वैमानिक कमी होते.

"थांब गं थोडं," भावजी म्हणाले. "दोन महिन्यांत इंजिनं येतील."

"बाबा, तू दिवाळीतही दोनच महिने म्हणाला होतास. काकू, तूच सांग ना ह्याला!"

ती आत गेल्यावर मी विचारलं, "भावजी, खरं सांगा. तुम्ही विमानाची वाट बघताय, की ती जाऊ नये म्हणून थांबवताय?"

"विमान आलं तर ती इथेच राहील, वहिनी."

"आणि नाही आलं तर?"

त्यांनी उगाचच नळ उघडला, बंद केला. "तर तिचा सराव जाईल," ते म्हणाले. मग स्टूल ओढून माळ्यावरची मोठी बॅग त्यांनी स्वतःच खाली काढली, आणि ओल्या फडक्याने ती पुसता पुसता ओरडले, "मुग्धे, हिचं एक चाक अडकतंय, नवी घेऊ या!"

विमानतळावर तिकीट असणाऱ्यालाच आत सोडतात. मुग्धा दारातून वळून म्हणाली, "बाबा, जा आता घरी." ते "हो, हो" म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने मी त्यांचा दंड धरला. "चला भावजी, घरी जाऊ."

"घरी कोण आहे, वहिनी?" त्यांनी विचारलं. त्यात तक्रार नव्हती, रागही नव्हता. खरोखरच विचारल्यासारखं विचारलं.

मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. गेल्या वर्षी ते गेले, तोपर्यंत रोज दोन्ही वेळा ते आमच्याकडेच जेवले.