हिवाळ्यात दिलेली गोधडी

लातुरात शिकवायला लागल्यापासून मला मुलांकडून पेन आणि कप फार मिळाले. त्याआधी हदगाव तालुक्यातल्या एका शाळेत होते, तिथं मुलं ओल्या हरभऱ्याचे ढाळे आणायची, बोरं आणायची, एका मुलीनं बांगड्या आणल्या होत्या, त्या माझ्या मनगटापर्यंतसुद्धा चढल्या नाहीत. हे सगळं घेताना आनंदच व्हायचा. विद्यार्थ्यानं दिलेल्या वस्तूची कधी भीती वाटेल, असं मला वाटलं नव्हतं.

ती मुलगी धर्माबादची. वडील टेलर, बाजारात त्यांचं पिढ्यांचं दुकान. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी ती लातूरला आली होती आणि मी ज्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते तिथं तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. पहिल्या वर्षी परीक्षेत थोडक्यात राहिली, म्हणून दुसऱ्यांदा तयारी करत होती. पहिल्या वर्षी ती तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन शंका विचारायची. दुसऱ्या वर्षी यायची बंद झाली. मला वाटलं, आता तिला सगळं येत असेल.

डिसेंबरातला रविवार होता. सकाळचा तास संपवून मी फळा पुसत होते. मुलं बाहेर पडली आणि ती एक मोठं गाठोडं घेऊन उभी राहिली. जुन्या ओढणीत बांधलेलं. म्हणाली, "मॅडम, हे तुमच्यासाठी." काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "अम्मीनं शिवलेली गोधडी. मला आता लागणार नाही."

मला वाटलं, घरून नवी रजई आली असेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, इतकं कशाला आणलंस असं म्हणाले, आणि गाठोडं स्कूटीच्या पुढं ठेवून घरी आले. ती जिन्यात उभी राहून मी जाईपर्यंत बघत होती. मी हातसुद्धा हलवला.

घरी सासूबाईंनी गोधडी अंथरून पाहिली. टेलरच्या दुकानातल्या कापडांचे तुकडे होते. शाळेच्या गणवेशाचा निळा, लग्नातल्या शेरवानीची जर, परकराचा लाल. टाके इतके बारीक की सासूबाई बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवी न्हाई ही. पांघरलेली हाय. कालच धुतलेली दिसते, कड ओलीच हाय अजून."

मी हात लावला. खरंच, जाड कडेला ओल होती आणि साबणाचा वास येत होता. म्हणजे तिनं स्वतःच्या अंगावरची गोधडी धुतली, ती पुरती वाळायच्या आत मला आणून दिली. रात्री दात वाजावेत अशी थंडी पडत होती. मग आज ती काय पांघरणार होती? आणि त्याच वेळी तिचं ते वाक्य मला परत ऐकू आलं. मला आता लागणार नाही.

लातुरात शिकवणाऱ्या माणसाला एक भीती असते. आम्ही शिक्षक एकमेकांशी बोलतानाही तिचं नाव घेत नाही. कुणाच्या तरी वर्गातला एक बाक अचानक रिकामा होतो, आणि मग आठवडाभर सगळे एकमेकांना विचारत राहतात की कुणाला काही कळलं होतं का, काही बोलली होती का, काही बोलला होता का. माझ्या वर्गात तसं झालं नव्हतं. दरवर्षी निकाल लागला की मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायचे ते त्याच्यासाठीच.

मी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिच्या हॉस्टेलच्या काकूंना लावला तर त्या स्वयंपाकात होत्या. म्हणाल्या, असेल खोलीत, बघते. फोन चालू ठेवूनच त्या जिना चढल्या. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. दार ढकलल्याचा आवाज आला. मग त्या काहीच बोलेनात. मी गोधडीवरच बसले.

"खोली रिकामी हाय मॅडम," काकू म्हणाल्या. "गादी गुंडाळून ठेवलीय. पुस्तकं हायत सगळी. पिशवी न्हाई."

शेजारच्या खोलीतल्या मुलीनं त्यांना सांगितलं की सकाळीच हिनं आपली बादली एकीला दिली, टेबलाचा दिवा दुसरीला दिला. कुठं जाते म्हणून विचारलं तर नुसती हसली. काकू आता रडायच्या बेतात होत्या. मी त्यांना गच्चीवर, मागच्या बाजूला, सगळीकडं बघायला सांगितलं. त्या बघून आल्या आणि कुठंच नाही म्हणाल्या. तेवढ्यानंसुद्धा मला श्वास घेता आला.

मग तिच्या वडिलांना फोन करायचा होता. हा फोन करायला मला किती वेळ लागला, ते मला सांगता येणार नाही. माणूस दुकानात बसलाय, त्याला वाटतंय मुलगी लातूरला अभ्यास करतेय, आणि मी त्याला काय सांगू? फोन त्यांनी उचलला तेव्हा मागं मशीन चालू होती. मी इतकंच विचारलं की आज मुलीशी बोलणं झालं का. म्हणाले, "परवा झालं. का मॅडम?" मशीन थांबली. मी म्हटलं, ती हॉस्टेलवर नाही, पिशवी घेऊन निघालीय, बहुतेक घरीच येत असेल, नांदेडला गाडी बदलावी लागेल. तुम्ही नांदेडला या. ते म्हणाले, "निघालो."

नवऱ्यानं गाडी काढली. गोधडी मी का बरोबर घेतली ते माहीत नाही, पण घेतली. आधी बसस्थानकावर गेलो. फलाटावर तिच्या वयाच्या इतक्या मुली होत्या, पाठीवर तशीच पिशवी, तशीच ओढणी, की मी तीनचारजणींना खांद्याला धरून वळवलं. प्रत्येक वेळी दुसरंच तोंड. एक मुलगी घाबरून मागं सरली, तेव्हा मला कळलं की माझा चेहरा कसा झाला असेल.

चौकशीच्या खिडकीतले साहेब आधी म्हणाले, असं कुणाकुणाला शोधायचं, रविवारची गर्दी आहे. मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. आणखी काही न विचारता फोन उचलला आणि नांदेडकडं गेलेल्या गाड्यांच्या कंडक्टरांना एकेक करून विचारायला लागले. पहिल्यानं नाही म्हटलं. दुसऱ्याचा फोन लागेना. तिसऱ्या गाडीवर कंडक्टर बाई होत्या. साहेबांनी मी दिलेलं मुलीचं वर्णन त्यांना सांगितलं, ऐकलं, आणि फोन माझ्याकडं दिला.

"हाय मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शेवटच्या सीटवर खिडकीला हाय. नांदेडचं तिकीट काढलंय. पण लेकरू काय ठीक दिसत न्हाई."

मी म्हटलं, अहमदपूरला उतरवून घ्या, आम्ही पोचतो. त्या म्हणाल्या, नको. "खाली उतरली तर कुठं जाईल काय सांगावं? गाडीत माझ्या नजरेसमोर हाय. मी तिला पुढं माझ्याजवळ आणून बसवते. तुम्ही नांदेडला या."

मग त्यांनी फोन तिच्या हातात दिला. गाडीचा घरघराट ऐकू येत होता. मी तिचं नाव घेतलं. मी येतेय, असं म्हणाले.

"कशाला मॅडम?" ती म्हणाली. आणि मग अगदी लहान आवाजात, "गोधडी आवडली नाही का?"

आवडली, असं काहीतरी मी म्हणाले.

त्यानंतरचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. नवरा एकाला मागं टाकायचा की दुसरा. मी कंडक्टर बाईंना सारखी फोन करत होते आणि त्या न रागावता उचलत होत्या. चहा पाजला, बिस्कीट खाल्लं अर्धं, झोप लागलीय आता. लोह्याच्या अलीकडं त्यांचा फोन लागेना. रेंज नसेल, नवरा म्हणाला. मलाही ते कळत होतं. तरी रस्त्याच्या कडेला एक लाल गाडी उभी दिसली, भोवती चार माणसं जमलेली, आणि मी गाडी थांबायच्या आधीच दार उघडलं. टायर पंक्चर झालं होतं. वेगळीच बस होती. उदगीरची. मी त्या माणसांना काहीही न सांगता परत येऊन बसले आणि पुन्हा कंडक्टर बाईंचा नंबर लावला.

नांदेडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. स्थानकात शिरले आणि ती दिसली. बाकावर बसली होती. शेजारी खाकी साडीतल्या कंडक्टर बाई, तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन. समोर त्यांची परतीची गाडी लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या उठल्या नव्हत्या. मला बघितल्यावर उठल्या, माझ्या हातात तिचा हात दिला, शब्दशः दिला, आणि तिकिटांची मशीन सावरत गाडीकडं पळाल्या. मी धड आभारही मानले नाहीत.

मी तिच्या शेजारी बसले. पोर वाळून गेली होती. रोज समोर बसायची आणि मला दिसली नव्हती. मी तिला सरळ विचारलं. आडून विचारायची ताकद नव्हती. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात होतं का?

ती बराच वेळ समोरच्या गाडीची पाटी वाचत राहिली. मग म्हणाली, "सकाळी होतं मॅडम. बसमध्ये कमी झालं. परत येतं मधूनच."

मग थोडं थोडं करून बाहेर आलं. कित्येक दिवस तिला झोप नव्हती. पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. सराव परीक्षांचे मार्क घसरत चालले होते आणि घरी ती चांगले आहेत म्हणून सांगत होती. लातुरात राहायची भीती वाटत होती आणि घरी जायचीही. म्हणून बसमध्ये बसली, पण नांदेडच्या पुढचं काही ठरवलं नव्हतं. ते ऐकून मी तिचा हात आणखी घट्ट धरला. तिला दुखलं असणार, पण तिनं सोडवून घेतला नाही.

वडील आले ते दुकानातून उठले तसेच. गळ्यात मापाची टेप होती, ती काढायचीही शुद्ध राहिली नव्हती. लांबूनच त्यांनी मुलगी बघितली आणि चालता चालता थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. मनातून मी तयारी केली, मध्ये पडायची. ते आले, तिच्याजवळ बसले, तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि विचारलं, "खाना खाई का बेटा?"

तेव्हा ती रडली. सकाळपासून पहिल्यांदाच. तिच्या रडण्याला मोठा आवाज होता, लोक वळून बघत होते, आणि वडील एका हातानं तिच्या डोक्यावरची ओढणी सारखी करत होते. मग त्यांना बाजूला घेऊन ती जे बोलली ते सगळं मी सांगितलं, काही न लपवता. आजच डॉक्टरला दाखवा, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, टेप हातात गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. म्हणाले, नांदेडला त्यांच्या बहिणीचं घर आहे, तिथं थांबतील.

निघताना मी गाडीतून गोधडी आणली. वडिलांनी ती लगेच ओळखली. म्हणाले, "न्हाई मॅडम. दिलेली चीज वापस घेत न्हाईत. तुम्ही ठेवा."

मुलीनं हात पुढं केला. "मला पायजे अब्बा," ती म्हणाली. "थंडी वाजून राहिली."

तिनं ती तिथंच, भर स्थानकात, अंगाभोवती लपेटून घेतली. मी इतका वेळ अडवून धरलेलं रडू तेव्हा आलं. मुलांनी मला पुष्कळ काही दिलंय, पण त्या दिवशी तिनं परत मागितलं, त्याच्यापेक्षा मोठं काही कुणी दिलेलं नाही.

डॉक्टरांनी औषध दिलं, लातूर बंद करायला सांगितलं. पहिले महिने सोपे गेले नाहीत. मधेच एखाद्या दुपारी वडिलांचा फोन यायचा, आज उठली नाही, बोलत नाही. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं की वर्गाबाहेर जाऊन उचलेपर्यंत मी अर्धी मेलेली असायचे. मग ते फोन कमी झाले. आता ती नांदेडच्या कॉलेजात शिकते, मेडिकल नाही, साधं विज्ञान. आत्याकडं राहते. कधीतरी मला मेसेज करते, बहुतेक वेळा एखादा प्रश्न असतो, पेशींचा, रक्तगटांचा. तिनं शंका विचारली म्हणजे मला बरं वाटतं.

ती भीती मात्र माझ्या अंगातून गेली नाही. यंदा शिक्षक दिनाला हिमायतनगरकडच्या एका मुलीनं मला लोणच्याची बरणी दिली. घरची आहे, आईनं घातलेली, म्हणाली. मी बरणी हातात घेतली आणि तोंडातून आधी निघालं ते हे, की तुझ्याकडं राहिलंय का? ती गोंधळली, मग हसली. आईनं दोन पाठवल्यात मॅडम, म्हणाली. मीही हसले. संध्याकाळी तरी तिच्या हॉस्टेलवर फोन केलाच. तिथल्या बाई म्हणाल्या, जेवायला बसलीय, बोलावू का? मी म्हटलं, नको, जेवू द्या.