मातेची जागा

बाओ-शुन आमच्या लुकांगमधला लाकूड कोरणारा. माझू मातेच्या देवळासमोर माझं उदबत्त्यांचं दुकान, शेजारी त्याचं. माणूस घुम्मा, पण हातात कला. गावात कुणी गाडी घेतली की काचेखाली बसवायला त्याच्याच हातची छोटी माझू हवी. समुद्रातल्या होड्या सांभाळणारी आई रस्त्यावरच्या गाड्या सांभाळणार नाही होय?

स्वतःच्या गाडीत त्याने चांगली वीतभर मूर्ती बसवली, तीही बायकोच्या पुढ्यात. युए-गुईला गाडीची फार भीती. "ही तुझ्याकडेच बघत बसेल, मग तर झालं?" तो म्हणाला. चिकटपट्टी इतकी दाबून लावली की ती हसली, "मला नाही कधी एवढं घट्ट धरलंत!"

एकदा मासळी बाजारापाशी त्यांच्या गाडीपुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. धडक तशी बेताची. दोघांनी पट्टे लावलेले, एअरबॅगा फुगल्या, बाओ-शुन खरचटण्यावर सुटला. पण युए-गुईच्या पुढची एअरबॅग ज्या झाकणातून फुटून बाहेर आली, त्याच झाकणावर माता बसलेली होती. ती थेट तिच्या कपाळात बसली. युए-गुई जागच्या जागी गेली. मी कितीतरी दिवस मातेपुढे उदबत्ती लावली नाही. राग यायचा, अजून येतो.

बाओ-शुनने पटाशी खाली ठेवली आणि देवळाच्या वाहनतळावर जाऊन बसायला लागला. त्याने कोरलेल्या माता गावभर गाड्यांत तशाच बसल्या होत्या ना.

"धडक बसली की आत वायूचा बार उडतो," घुम्मा माणूस ज्याला त्याला सांगायचा. "पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. झाकणावर काही ठेवू नका, पाय टाकू नका. पट्टा लावा, मागे सरून बसा, लेकरांना मागच्या सीटवर घ्या."

टॅक्सीवाला खुन-शान एकदा त्याच्यावर खेकसला, "काका, तुमची बायको गेली म्हणून माझ्या मातेला हाकलता काय?"

"हाकलत नाही रे. तिलाच विचारू."

बसल्या मातेला न विचारता उठवायचं नसतं. बाओ-शुन गाडीशी गुडघे टेकायचा आणि कौलाचे दोन लाकडी तुकडे टाकायचा. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. होकार आला की मातेला लाल कापडात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा, "घरी देव्हाऱ्यात बसव." खुन-शानची माताही उठली. मान खाली घालून घेऊन गेला बिचारा.

एकदा मी न राहवून म्हटलं, "भावजी, गावाचे कौल लावता. तुमच्या मनातलंही विचारा की एकदा. आत नुसते कुढताय."

तो देवळात गेला, मी मागोमाग. गुडघे टेकून मोठ्याने म्हणाला, "आई, युए-गुईला मी मारलं का?" तुकडे टाकले. दोन्ही उताणे पडले. म्हणजे माता नुसती हसली, परत विचार म्हणाली.

"टाका परत," मी म्हटलं.

त्याने तुकडे उचलले, छातीशी धरले आणि माझ्या हातात दिले.

"नको, वहिनी. 'नाही' म्हणाली तर माझा विश्वास बसायचा नाही."