लंकाबाईचा अर्धा कोयता

पाथर्डीच्या या भागात कोयता म्हणजे दोन माणसं, नवरा आणि बायको. टोळीचा मुकादम हंगामाआधी आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देतो ती कोयत्याला. एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी उभं करत नाही. हे मला आता कळतं. मी केडगावचा, कॉलनीत वाढलेला. बदली होऊन या गावच्या शाळेवर आलो तेव्हा ऊस मला रसवंतीवरच्या ग्लासापुरता माहीत होता.

लंकाबाई अशी अर्धी राहिलेली बाई. नवरा आदिनाथ नऊ वर्षांपूर्वी ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो गेलाच. मेला म्हणावं तर कागद नाही, सोडली म्हणावं तर तोही कागद नाही. ती माहेरी आली. शेजारच्या घरात तिचा भाऊ कारभारी, बायको वारल्यानं एकटा. दोन अर्ध्यांनी मिळून एक पुरा कोयता केला आणि चार हंगाम श्रीगोंद्याकडे ऊस तोडला. मागं लंकाबाईची मुलगी आरती आजीजवळ राहून शाळेत यायची. गणितात एवढी तेज, की फळ्यावर माझं चुकलं तर बाकी वर्गाला कळायच्या आत हिचा हात वर.

मग सरकारनं ठरवलं, ऊसतोड कामगारांना ओळखपत्र द्यायचं. ज्याच्याकडे कार्ड, त्याच्या लेकरांना तालुक्याच्या वसतिगृहात राहणं, जेवण, शाळा फुकट. ठरवणाऱ्यांचं मी मनापासून कौतुक करतो. फक्त नोंदणी ठेवली डिसेंबरात, जेव्हा सगळे कामगार उसाच्या फडात असतात आणि गावात म्हाताऱ्या आणि कुत्री. ग्रामसेवकाकडे पाच गावं, म्हणून काम माझ्यावर आलं. शिक्षकावर काय येत नाही? मी वैतागलो होतो. मुकादम रंगनाथची यादी मागवली आणि शाळेत बसून मोबाईलवर दोन दिवसांत गाव उरकलं. यादीत जोडीजोडीनं नावं होती. जोडीदाराचं नाव टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. लंकाबाईपुढे कारभारी होतं, मी कारभारी टाकलं. नातं, पती. कुणाला एका शब्दानं विचारलं नाही.

चैत्रात कार्डं आली. आरतीनं आईचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं.

"गुर्जी, ह्यात मामा माजा बाप झालाय."

मला हसू फुटलं. त्या हसण्याची आज लाज वाटते.

गावालाही हसूच आलं. पारावर कारभारीला कुणीतरी विचारलं, "काय कारभारी, सरकारनं लगीन लावलं म्हनं!" त्या दिवसापासून तो बहिणीच्या घरी जेवायचा बंद झाला. ती ताट झाकून ठेवायची आणि सकाळी म्हशीला घालायची.

ज्येष्ठात आजी वारली. आरती सातवी झाली होती, आमची शाळा तिथंच संपते. आता वसतिगृह मिळालं तर पोरगी शिकणार, नाही मिळालं तर दिवाळीला आईबरोबर फडात. एवढं सरळ होतं. मी अर्ज भरला, तो आठ दिवसांत परत आला. शाळेच्या दाखल्यावर बाप आदिनाथ, आईच्या कार्डावर नवरा कारभारी.

लंकाबाई, कारभारी आणि मी, तिघं तालुक्याला खेटे घालू लागलो. कचेरीतल्या मोनिका मॅडम चांगल्या होत्या. लंकाबाईला खुर्ची द्यायच्या, पाणी विचारायच्या. त्यामुळे मला कुणावर ओरडताही येईना.

"पतीचं नाव काढायला मृत्यूचा दाखला लागेल, नाहीतर फारकतीचा," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या मृत्यूचा?"

"कार्डावर जे नाव आहे, त्यांच्या."

कारभारी दाराबाहेर बाकावर तंबाखू मळत बसला होता.

"मॅडम, एकल महिला म्हणून नोंदवा ना."

"मग कोयता अर्धा होतो, सर. अर्धा कोयता यादीत बसत नाही. यादीत नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर वसतिगृह नाही."

चूक माझी आहे, असं मी लिहून दिलं. त्यावर मला नोटीस तेवढी ताबडतोब मिळाली. दुरुस्ती पुढच्या नोंदणीत होणार होती, म्हणजे डिसेंबरात.

परतीच्या एसटीत लंकाबाई माझ्या शेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "गुर्जी, कागदावर कारभाऱ्याला मारून टाकायचं का?" पुढच्या सीटवरची भावाची मान तिला दिसत होती. तिनं स्वतःच डोकं हलवलं. "न्हाई. जिता हाय त्यो. सख्खा भाऊ हाय."

दसऱ्याला त्या सख्ख्या भावानं सांगितलं, "तुज्यासंगं आता फडात न्हाई यायचो. लोकं लई हसत्यात." आणि तो वीटभट्टीवर गेला. लंकाबाई पुन्हा अर्धी झाली. रंगनाथ मुकादम दारात येऊन म्हणाला, "आक्का, जोडीला कोन हाय ते सांगा, म्हंजी नाव घेतो." आरती भांडी घासत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. लंकाबाईनं उचल घेतली, आणि दिवाळीनंतर ट्रकमध्ये दोघी चढल्या. मी शाळेच्या फाटकात उभा होतो. अडवायचं कुठल्या तोंडानं? हा कोयता मोडला होता तो माझ्याच मोबाईलनं.

डिसेंबरात दुरुस्ती सुरू झाली. या वेळी मी यादी मागवली नाही. मोटारसायकल काढून थेट श्रीगोंद्याकडच्या फडात गेलो. पिशवीत वसतिगृहाचा नवा अर्ज भरून ठेवला होता. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीसमोर लंकाबाईनं पोतं अंथरलं. मोळी टाकून आरती आली आणि माझ्या शेजारी बसली. दोन महिन्यांत तिचा चेहरा आईसारखा झाला होता.

जोडीदाराचं नाव, आरती. नातं, मुलगी. सगळं खरं लिहिताना मला बरं वाटत होतं. मग जन्मतारीख आली. मी दोन हजार बारा टाकलं आणि पान लाल झालं. अठराच्या आतला जोडीदार चालत नाही.

म्हणजे तेराची ठेवली तर कोयता अर्धा, आईला कार्ड नाही, पोरीला वसतिगृह नाही. अठराची केली तर आईला कार्ड, पण अठराची बाई लेकरू म्हणून वसतिगृहात जात नाही.

"अठराची लिवा, गुर्जी," लंकाबाई म्हणाली. "मुकादमानं बी तेच लिवलंय. उचल घेतल्याली हाय, आता अर्धी हून कुठं जाऊ?"

मी साल शोधायला लागलो. आकडे डोळ्यांपुढे नीट ठरत नव्हते. पिशवीतला अर्ज मी बाहेर काढलाच नाही.

आरती मोबाईलवर वाकली. "दोन हजार सात, गुर्जी. पंचवीसातनं अठरा गेलं की सातच."

या वेळी तिनं हात वर केला नव्हता. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

उत्तर बरोबर होतं. मी सात टाकलं.