यादीतून गाळलेलं नाव

समुद्राची देवी माझूआई गेली पाच वर्षं छाय लुआनताईंच्या घरी मुक्कामाला आहे. नियमाने देवी एका घरी एकच वर्ष राहते. तिच्या वाढदिवशी देवळात कौल लावायचा, ज्याच्या नावाला लागोपाठ तीन होकार येतील त्याने मूर्ती आणि धूपपात्र वर्षभर घरी न्यायचं. पाच वर्षांत कौल पाच जणांना मिळाला. पाचही जण दूर शहरात, तैपेईला नाहीतर काओशुंगला राहतात, आणि पाचही जणांनी फोनवर एकच सांगितलं, "ताई, देवी तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही काय, गावातच असता."

गावात राहते हा जणू बाईचा गुन्हा.

लुआनताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच कालवं फोडून विकतात. सकाळी देवीला उदबत्ती आणि तीन पेले चहा, संध्याकाळी पुन्हा तेच. धूप विझू द्यायचा नाही, म्हणून पाच वर्षांत त्या एक रात्र बाहेर राहिल्या नाहीत. लेकीच्या लग्नातसुद्धा दुपारचं जेवून बसने परत आल्या. गुडघे इतके गेलेत की आता स्टुलावर बसून नमस्कार करतात, आणि बसल्याबद्दल देवीची माफी मागतात.

यंदा लेकीने, सोक-हुनने, ऑपरेशनची तारीखच घेतली. येता सोमवार. मग सहा महिने आई तिच्याकडे, अकराव्या मजल्यावर.

"मास्तरकाका," ती मला म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आणखी वर्ष घालवलंत तर चालणं विसरा. या वेळी तरी हिला सोडवा."

कौलाच्या वेळी नावांची यादी वाचणारा मी. शाळेत मास्तर होतो, आवाज मोठा, म्हणून हे काम एकतीस वर्षांपूर्वी गळ्यात पडलं. एकसष्ट घरांची नावं, त्यातली चाळीस तरी घरं कुलूपबंद. त्यांच्या नावाचा कौलही मीच टाकतो. देवीचा कंटाळा मला नाही. तिला आम्हा चार म्हाताऱ्यांवर ढकलून मोकळे होणाऱ्यांचा मात्र वीट आलाय.

म्हणून मी यादी नव्याने उतरवली आणि लुआनताईंचं नाव गाळलं.

देवीच्या वाढदिवशी सकाळी वाचायला सुरुवात केली. दोन लाकडी चंद्रकोरी टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. पहिल्याला नकार. दुसऱ्याला एक होकार, मग नकार. तैपेईहून फोनवर बघणारा एक जण म्हणाला, "काका, माझ्या वेळी जरा वाकडा हात करा हं, नकारच पडू दे!" त्याची बायकोही मागून हसली. त्यालाही नकारच आला. दुपार झाली, माझी कंबर धरली, नावं संपली. तीन होकार कुणालाच नाहीत. असं कधी झालं नव्हतं.

"पुन्हा पहिल्यापासून घ्या," कुणीतरी म्हणालं.

"साठच झाली," स्टुलावरून लुआनताई म्हणाल्या. "मास्तर, मी मोजत होते."

"ताई, एक वर्ष नाव नाही वाचलं तर काही बिघडत नाही."

"वाचा."

"आई, सोमवारी जायचंय आपल्याला!" सोक-हुन ओरडली. "तू काय गावाची मोलकरीण आहेस?"

"नाव वाचायला सांगतेय. देवीला घरी नेते असं कुठे म्हटलं?"

शेवटी मी त्यांचं नाव वाचलं. चंद्रकोरी त्यांनी स्वतः टाकल्या. होकार. पुन्हा होकार. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून घेतले, पण लोकांच्या गलक्यावरून कळलं.

सोक-हुन रडत पायऱ्यांवर जाऊन बसली. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. लुआनताई माझा खांदा धरून कशाबशा उठल्या आणि मूर्तीच्या पायावरची राख हातातल्या रुमालाने पुसू लागल्या. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलल्या, पण हळू, देवीला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

"साठ घरांना नाही म्हणायला लावलंत तिला, मास्तर. दमली असेल हो ती."