कोपर-गुडघा मंडळाचे माजी अध्यक्ष

मी जावयाच्या घरी राहतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे सांगणार आहे ते खाल्ल्या मिठाला जागून सांगतोय की मीठ विसरून, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आमचे जावईबापू गाद्या करतात. खाली दुकान, वर आम्ही. सकाळी आठला कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की वरच्या फळीवरची भांडी थरथरतात. मी त्यावर घड्याळ लावतो. माणूस हाताचा पक्का. खोळ शिवणार, कापूस भरणार, काठीने झोडून सारखा करणार आणि हातभर दाभणाने असे टाके घालणार, की दहा वर्षं कापूस जागचा हलायचा नाही. पण गादी ही वस्तूच अशी, की तिच्याकडे कुणी बघत नाही. वर चादर पडली की संपलं. गेल्या वीस वर्षांत एकही गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं नाही, की काय टाके घातलेत राव. गिऱ्हाईक परत येतं ते तक्रार घेऊन.

अशा माणसाला वेड लागलं ते थायलंडच्या मारामारीच्या सिनेमांचं. तिकडची माणसं म्हणे मुठीपेक्षा कोपराने आणि गुडघ्याने जास्त मारतात. मारायच्या आधी गुडघे टेकून गुरूला नमस्कार करतात, मग समोरच्याची बरगडी मोडतात. शिस्तीची माणसं.

"मामा, तिथे सगळं खरं असतं," जावई मला सांगायचे. ते मला मामा म्हणतात. "दोरीला बांधून हवेत उडवणं नाही, हिरोच्या जागी दुसरा माणूस नाही. आणि पडला की थेट जमिनीवर."

"लागत असेल हो," मी म्हणायचो.

"लागणारच. तीच तर मजा आहे."

जन्मभर लोकांच्या पाठीखाली मऊ घालणारा माणूस, आणि त्याला आवडायचं काय, तर पाठ फरशीवर आपटलेली. एकदा तर त्यांनी हिरोसारखी दोन्ही मुठींना सुतळी गुंडाळली, आणि मग दाभणात दोरा ओवता येईना म्हणून तासभर माझ्या लेकीला हाका मारत बसले. नव्याने लग्न झालेलं एक जोडपं डबलबेडची गादी घ्यायला आलं होतं. त्यांना यांनी अर्धा तास समजावलं की पाठीचा कणा टणक व्हायचा असेल तर माणसाने फरशीवर झोपावं. जोडप्याला पटलं. ते गेलं.

"अहो," लेक म्हणाली, "आपण गाद्या विकतो ना?"

या वेडातूनच मंडळ निघालं. कोपर-गुडघा मंडळ. सदस्य तेहतीस. त्यात पोस्टमन, विजेचं मीटर बघणारा, बेकरीवाला, दोन शिंपी आणि असेच बाकीचे. दर गुरुवारी दुपारी बैठक आमच्या गोदामात. तिथे बसायला गाद्या आणि टेकायला लोड. मंडळ टिकण्याचं खरं कारण तेवढंच असावं, असं माझं मत आहे. त्या तेहतिसांच्या वर जावई अध्यक्ष. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. घरात कुणी ऐकत नाही, दुकानात कुणी ऐकत नाही, पण गुरुवारी दुपारी मास्टर तोंड उघडायचे तेव्हा तेहतीस माणसं चहा प्यायची थांबायची. मी हे पाहिलेलं आहे. त्या दोन तासांत माणूस वीतभर उंच दिसायचा. शिवाय तीन वर्षं केस वाढवून त्यांनी हिरोसारखा बुचडा बांधला होता. हिरोचा बुचडा मुठीएवढा, यांचा सुपारीएवढा. पन्नाशीत आणखी कुठून आणणार.

उपाध्यक्ष म्हणजे समोरचा औषधवाला. त्याला अध्यक्ष व्हायचं होतं, हे त्याच्या दुकानातल्या वजनकाट्यालासुद्धा ठाऊक होतं.

मग नवा सिनेमा आला. म्हणजे आधी त्याची दोन मिनिटांची झलक आली. ती यांनी इतक्या वेळा पाहिली, की मलाही पाठ झाली. शेवटी काय, तर हिरो एका टकल्या आडदांड गुंडाच्या छातीवर गुडघा रोवतो आणि दोघं कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली सिमेंटच्या अंगणात. जमिनीला पाठ लागणार तेवढ्यात पडदा काळा. आणि त्या काळ्यावर लाल अक्षरं. तीच पोस्टरवरही होती: दोरी नाही, डमी नाही, गादी नाही.

ते पोस्टर जावयांनी दुकानात दर्शनी भिंतीवर लावलं. आत गाद्यांची थप्पी आणि वर लाल अक्षरात 'गादी नाही'. दिवसाला दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत जायला लागली.

गुरुवारच्या बैठकीत औषधवाल्याने गोड आवाजात विचारलं, "मास्टर, समजा, असली गादी तर?"

"नाही."

"समजा म्हटलं."

जावई उठून उभे राहिले. "एका पडण्याखाली जरी गादी निघाली, तर त्याच दिवशी अध्यक्षपद सोडेन. आणि हा बुचडा कापून तुमच्या दुकानाच्या पायरीवर ठेवेन."

"लिहून घ्या," औषधवाला पोस्टमनला म्हणाला. पोस्टमनने लिहून घेतलं.

सिनेमा लागला रविवारी सकाळी दहाला. मंडळाने पुढच्या दोन रांगा घेतल्या होत्या. एकाच्या घरी पाहुणे आले म्हणून एक तिकीट उरलं. लेक म्हणाली, "अकरा वर्षं रोज ऐकतेय. एकदा बघते तरी." मला तर त्यांनी न विचारताच घेतलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर सगळ्यांच्या पिशव्या ठेवता येतात.

अडीच तास काय चाललं होतं ते मी नीट सांगू शकणार नाही. पडद्यावर हाडं मोडत होती आणि आमच्या रांगेत खुर्च्या. बेकरीवाला प्रत्येक कोपराला स्वतःचं कोपर हलवायचा, ते मला लागायचं. मीटरवाला रडला. हिरोच्या गुरूला मारलं तिथे रडला असता तर ठीक होतं, हा हिरोने बनियन फाडलं तिथे रडला. जावई तर खुर्चीवर उभे. मागचे लोक म्हणत होते, "ओ बुचडा, खाली बसा." हे कुठले बसतात.

मग तो तिसरा मजला आला. हिरोने गुडघा रोवला. दोघं सुटले. आणि या वेळी पडदा काळा झाला नाही. टकल्याची पाठ सिमेंटवर आपटली, धूळ उडाली, अख्खं थिएटर उभं राहिलं आणि जो काही आवाज झाला त्यात माझं ऐकायचं यंत्र शिट्टी मारायला लागलं.

आमचे जावई मात्र हळूच खाली बसले.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. "अहो."

"पाहिलं," ते म्हणाले.

"तो अंगणात ठेवलेला पत्र्याचा डबा. ते पडले तिथून हातभर लांब होता, तरी त्यांच्याकडे कलला."

"आणि अंग बोटभर वर आलं."

"खाली काथ्या असेल."

"काथ्या खाली, वर कापूस. ताजा पिंजलेला. वरून सिमेंटच्या रंगाचं कापड. पण कड बघितलीस? एवढं दोन माणसांचं वजन मधे पडलं, तरी कड उचलली नाही."

"टाके कसे घातले असतील हो?"

"तेच बघतोय," जावई म्हणाले. आजूबाजूला तीनशे माणसं नाचत होती आणि हे नवरा-बायको पडद्यावर टाके शोधत होते. लग्नानंतर इतकं एकमताने बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला म्हणाल तर मला काही दिसलं नव्हतं. मी त्या वेळी खुर्चीखाली माझी चप्पल शोधत होतो.

आम्ही बाहेर आलो. आता गप्प बसणं काय कठीण होतं? डब्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कुणाला कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. अध्यक्षपद जागेवर, बुचडा जागेवर. तिकीटखिडकीशेजारी औषधवाल्यानेच खुर्ची ओढून दिली. "चढा मास्टर. दोन शब्द बोला."

जावई चढले. तेहतीस तोंडं वर झाली. त्यांनी एकदा माझ्या लेकीकडे पाहिलं. तिने नुसता पदर खोचला.

"गादी होती," जावई म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग थांबलं.

"तिसऱ्या मजल्याच्या खाली गादी होती. आणि फार उत्तम होती. अशी मी अजून केलेली नाही. अध्यक्षपद सोडतो."

तुम्हाला वाटेल, औषधवाला खूश झाला असेल. मलाही तसंच वाटलं. पण त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या आईला शिवी दिली.

"गादी नव्हती," तो म्हणाला.

"मी पाहिली."

"पोस्टरवर छापलंय मास्टर. नाही म्हणून छापलंय. ते लोक काय खोटं छापतील?"

"मी वीस वर्षं..."

"तुम्ही वीस वर्षं गाद्या करताय, म्हणून तुम्हाला सगळीकडे गाद्या दिसतात," मीटरवाला म्हणाला. त्याचे डोळे अजून ओले होते. "तो माणूस आपल्यासाठी हाडं मोडून घेतो आणि तुम्ही त्याच्या पाठीखाली गादी घालता. लाज वाटायला हवी."

तिथल्या तिथे ठराव झाला. अध्यक्षांनी हिरोची बदनामी केली म्हणून त्यांना मंडळातून काढण्यात येत आहे. राजीनामा नव्हे हं, काढण्यात येत आहे. बत्तीस हात वर गेले. विरोधात मी हात वर केला, पण मी सदस्य नसल्यामुळे तो मोजला नाही. आणि बुचड्याचं काय, असं पोस्टमनने वही उघडून विचारलं तेव्हा नवे अध्यक्ष, म्हणजे औषधवाला, मोठ्या मनाने म्हणाले, "गादी नव्हतीच, तेव्हा बुचडा कापायचा प्रश्न येत नाही. राहू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने खोळ कापायच्या कात्रीने बुचडा कापला. जावयांनी तो कागदावर घेतला आणि समोर पायरीवर नेऊन ठेवला. औषधवाल्याला तो मेलेला उंदीर वाटला. त्याने चिमट्याने उचलून लांब टाकला.

पोस्टरही उतरलं. गिऱ्हाइकं परत यायला लागली. जावयांनी मात्र तो सिनेमा आणखी पाच वेळा पाहिला, एकट्याने, मागच्या रांगेत, फक्त ते पडणं बघायला. मग घरी येऊन काथ्या खाली, कापूस वर असं काहीतरी करत बसायचे आणि मला त्याच्यावर पाडायचे. माझं वय अठ्ठ्याहत्तर. "मामा, जरा जोरात," म्हणायचे. मी स्टुलावरून पडायचो. कड उचलायचीच.

इकडे मंडळाला चैन पडेना. गादी नव्हती हे ठरावात मंजूर झालं होतं, पण ठरावाने मन कुठे भरतं. शेवटी औषधवाल्याने जाहीर केलं की माणूस उंचावरून पाठीवर पडून उठू शकतो, हे ते स्वतः रविवारी सिद्ध करतील. औषधाच्या दुकानाशेजारी मोटारपंपाची खोली आहे, सात फूट उंच. खाली सिमेंट. सगळं मंडळ जमलं. अध्यक्षांनी आधी गुडघे टेकून नमस्कार केला, दोन्ही हातांना बँडेज गुंडाळलं होतं, दुकानातलंच. मी आमच्या पुढच्या खिडकीतून बघत होतो. अशा गोष्टी रोज बघायला मिळत नाहीत.

ते पडले. उठले मात्र नाहीत.

माकडहाड. बाकी सगळं शाबूत. डॉक्टरांनी सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं आणि म्हणाले की स्पंज चालणार नाही, कापसाचीच गादी हवी, मधे खोलगट, कडा पक्क्या, हाताने भरलेली. गावात हाताने भरणारा आता एकच उरलाय.

माप घ्यायला जावई गेले. मीही बरोबर गेलो, टेप धरायला. म्हणजे टेप धरायला नव्हे, बघायलाच गेलो. अध्यक्ष पालथे पडले होते. उशाशी त्याच हिरोचं पोस्टर. चौथ्या दिवशी गादी तयार झाली, ती आम्ही दोघांनी खाली घातली, चौघांनी अध्यक्षांना वर घातलं. त्यांच्या तोंडून बरं वाटल्याचा एक लांब सुस्कारा निघाला. मग त्यांनी डोळे उघडले.

"मास्टर," ते उशीत तोंड ठेवूनच म्हणाले, "मंडळाला तुमच्याशिवाय मजा नाही. गोदामही नाही, सगळे माझ्या दुकानात औषधांच्या खोक्यांवर बसतात. परत या. अध्यक्षपद तुमचं. फक्त एक ओळ लिहून द्या, की तुमची नजरचूक झाली."

जावई गादीची कड दाबून बघत होते. त्यांनी कोपराने मधे दाब दिला, कड कितपत उचलते ते पाहिलं. थोडी उचलली. मी त्यांच्याकडे बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता लिहून देणार. गुरुवारच्या दुपारी काय असतात, ते मी पाहिलं होतं.

"म्हणा ना," अध्यक्ष म्हणाले. "गादी नव्हती."

"होती," जावई म्हणाले. "आणि या गादीपेक्षा चांगली होती. जरा सरका, इथे दोन टाके कमी पडलेत."

अध्यक्ष सरकले.